उकाड्यात लांब केसांच्या लहान कुत्र्याचे ग्रूमिंग: केस भादरावेत की नुसते विंचरावेत?

आपण विचारले आहे की, आपला चार वर्षांचा शिह त्झू उकाडा वाढल्यापासून दिवसभर जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि गार फरशीवर पोट टेकून पडून राहतो, तर त्याच्या अंगावरचे सगळे केस घरच्या घरी क्लिपरने अगदी मुळापासून काढून टाकावेत का. मागच्या वेळी तसे केले तेव्हा तास-सव्वा तासाच्या खटाटोपानंतर त्याच्या पोटावर आणि जांघेत लाल चट्टे उठले, तेव्हापासून क्लिपरचा आवाज ऐकला की तो पलंगाखाली शिरतो, आणि आता कानांमागे घट्ट गाठीही झाल्या आहेत, असे आपण लिहिले आहे. चट्टे अजून पुरते गेलेले नाहीत आणि त्यांवर काय लावावे, हाही आपला प्रश्न आहे.

प्रश्न केसांच्या लांबीविषयी असला तरी मला त्यात खरी अडचण दुसरीच दिसते. कुत्र्याला त्रास होतो तो बहुतेक वेळा लांब केसांमुळे नव्हे, तर गुंतलेल्या केसांमुळे. आणि उकाड्यात त्याला सर्वांत मोठा धोका असतो तो ते केस कापण्यासाठी आपण त्याला तासभर धरून ठेवतो, त्या तासाचा. गेली बरीच वर्षे मी हेच काम करीत आले आहे, आणि ग्रूमिंग करताना कुत्र्याची तब्येत बिघडल्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांत केस लांब होते म्हणून बिघडली असे एकही नव्हते. तापलेले ब्लेड, गरम ड्रायर, भीती आणि ‘आता एकच पाय राहिला आहे’ ही आपली घाई, एवढीच कारणे होती.

कुत्र्याचे शरीर स्वतःला गार कसे ठेवते हे नीट समजले, तर पुढचे पुष्कळसे निर्णय आपोआप सुटतात. त्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा थोडे जास्तच असते. माणसासारखा घाम त्याला सर्वांगाला येत नाही; उपयोगी घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांवर असतात आणि त्यांचा हातभार किरकोळ असतो. खरे काम धाप करते: जलद श्वासाबरोबर जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते व त्या वाफेबरोबर उष्णता बाहेर जाते. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही, म्हणून कोरड्या उन्हापेक्षा कोंदट, ढगाळ दिवस कित्येकदा जास्त घातक ठरतो. शिह त्झू, पेकिंगीज यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना नाकाची जागाच अपुरी मिळालेली असते; त्यांना तेवढ्याच गारव्यासाठी अधिक धाप लागते, आणि अधिक धाप टाकण्याच्या श्रमानेही अंग तापते. पाठीवरचे केस कापल्याने या यंत्रणेत फारसा फरक पडत नाही. याच कारणाने माणसाला पंख्याखाली जितके बरे वाटते तितके कुत्र्याला वाटत नाही. मात्र पोट आणि पाय ओलसर करून त्याला पंख्यापुढे बसवले, तर फरक लगेच दिसतो.

केसांचे काम दुहेरी आहे. सुटे, कोरडे, विंचरलेले केस कातडीपाशी हवेचा एक थर धरून ठेवतात आणि ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. तेच केस एकमेकांत अडकले की त्यांचा नमदा होतो: हवा खेळत नाही, ओलावा आत कोंडतो, कातडी भिजल्यासारखी राहते आणि खाज सुरू होते. त्यामुळे चार इंच लांब पण मुळापर्यंत कंगवा जाणारे केस हे एक इंच लांब पण गाठी झालेल्या केसांपेक्षा कधीही बरे, असे माझे मत आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. पहिली गोष्ट केसांची जात. पोमेरेनियन आणि स्पिट्झ यांच्या अंगावर वरचे राठ केस आणि खाली दाट, मऊ लव असे दोन स्पष्ट थर असतात. यांना क्लिपरने मुळापासून भादरले, तर केस पुन्हा येण्यास वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो, काही वेळा ते ठिगळांसारखे येतात, तर काही वेळा वरचा राठ थर पूर्वीसारखा परतच येत नाही. अशा कुत्र्यांची सुटलेली लव विंचरून काढावी, पोटाखाली, पंजांत आणि शेपटीखाली आवश्यक तेवढी छाटणी करावी आणि थांबावे. माल्टीज आणि यॉर्कशायर टेरियर यांचे केस बहुतांशी एकाच थराचे आणि सतत वाढणारे असतात; ते आखूड केले तरी पुन्हा वाढतात. आपला शिह त्झू आणि त्याचा नातेवाईक म्हणावा असा ल्हासा आप्सो यांना खाली लव असते खरी, पण वरचे केस सतत वाढणारे असल्याने ते आखूड ठेवले तरी सहसा बिघडत नाही. संकर असेल, तर पाठीवरचे केस बोटांनी दुभागून पाहावेत. मुळाशी वेगळ्याच रंगाची, कापसासारखी दाट लव दिसली, तर क्लिपर खाली ठेवावा.

दुसरी गोष्ट कुत्र्याची प्रकृती. वय जास्त असेल, वजन वाढलेले असेल, हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा त्रास असेल, तर उकाड्यातले पूर्ण ग्रूमिंग पशुवैद्यांना विचारल्याशिवाय करू नये. लहान चणीच्या जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा विकार बराच आढळतो. अशा कुत्र्याला टेबलावर गळ्यातल्या फासाने बांधून ठेवणे म्हणजे त्याचा श्वासच अडवणे आहे. आपला कुत्रा गार वेळी, निवांत पडलेला असतानाही धापा टाकत असेल, तर तो केसांचा प्रश्न नाही. आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

हे सगळे धरून आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे: मुळापासून काढू नका, आखूड करा. पाठीवर आणि कुशींवर सव्वा ते अडीच सेंटिमीटर केस राहू द्यावेत; पोट, काखा, जांघा आणि गुदद्वाराभोवतीचा भाग मात्र चांगला बारीक करावा. फरशीवर पोट टेकून तो जो गारवा घेतो, तो याच भागातून घेतो, म्हणजे तिथले केस कमी केल्याचा त्याला खरोखर उपयोग होतो. पाठ उघडी केल्याने मात्र उन्हात कातडी भाजण्याची भीती वाढते, विशेषतः पांढऱ्या केसांच्या आणि गुलाबी कातडीच्या कुत्र्यांत. त्यावर आपले नेहमीचे सनस्क्रीन लावणे हा उपाय नव्हे, कारण त्यातले झिंक ऑक्साइड चाटून पोटात गेले तर कुत्र्याला बाधते.

ब्लेडच्या क्रमांकांविषयी नवख्या माणसांची हमखास फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. क्रमांक जितका मोठा, तितके केस आखूड राहतात. १० क्रमांकाचे ब्लेड सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते; ते पोट आणि जांघेपुरतेच वापरावे, आणि मागच्या वेळी आपण ते सर्वांगावर फिरवले असावे असा माझा कयास आहे. ७ एफ सुमारे तीन मिलिमीटर, ४ एफ साडेनऊच्या आसपास आणि ३ एफ सुमारे तेरा मिलिमीटर केस ठेवते. ‘एफ’ असलेल्या ब्लेडचे दात सारख्या उंचीचे असतात. एकाआड एक दात लांब असलेली ब्लेडही मिळतात, पण त्यांच्या फटीत सैल कातडी सहज अडकते, म्हणून ती घरी वापरू नयेत. पाठीसाठी ३ एफ, किंवा क्लिपरवर बसणारी प्लास्टिकची फणी लावून त्याहून लांब, एवढे पुरे. मात्र यांतले कोणतेही साधन गाठी असलेल्या केसांतून पुढे सरकत नाही, आणि सरकत नाही म्हणून माणूस ते दाबतो. इजा नेमकी तिथे होते.

म्हणून आधी कानांमागच्या गाठींकडे वळू. गाठ पाहिली की हात कात्रीकडे जातो, आणि नेमके तेच टाळायचे आहे. गाठ घट्ट होताना कातडीलाही वर ओढून घेते. बाहेरून जो केसांचा बुडखा वाटतो, त्यात कातडीची घडी असू शकते, आणि कानामागची कातडी कागदासारखी पातळ असते. केस कोरडे असतानाच गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरावे. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने गाठ मुळाशी, कातडीला लागून घट्ट धरावी, म्हणजे पुढची ओढ आपल्या बोटांना बसते, कुत्र्याला नाही. मग उजव्या हाताच्या बोटांनी गाठ बाहेरच्या टोकाकडून थोडी थोडी फाडत दुभागावी, दोनाच्या चार कराव्यात, आणि तेव्हाच कंगव्याच्या कडेच्या दोन-तीन दातांनी टोकापासून मुळाकडे सरकत सोडवत जावे. बोटांखालून ती सुटत आल्याची एक बारीकशी चरचर जाणवते. ती जाणवली नाही आणि दोन-तीन मिनिटांत गाठ हललीच नाही, तर हट्ट सोडावा. तिच्याखाली कंगवा कातडीला समांतर सरकवता येत असेल, तर कंगव्याच्या वरून कापावे. तोही जात नसेल, तर १० क्रमांकाचे ब्लेड कातडीवर आडवे टेकवून तिच्याखालून हळूहळू घालावे. ते जमेलसे वाटत नसेल, तर तेवढ्या कामासाठी अनुभवी माणसाकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

कानांच्या पाळ्यांवरची मोठी गाठ निघाली की कुत्रा जोरजोराने डोके झाडतो. इतके दिवस आवळलेल्या पाळीत रक्ताभिसरण एकदम मोकळे झालेले असते, आणि त्या झाडण्याने पाळीत रक्त साचून ती उशीसारखी फुगू शकते. गाठ निघाल्यावर तासभर लक्ष ठेवावे, झाडणे थांबत नसेल तर मऊ कापडाची पट्टी सैलसर गुंडाळून पाळ्या डोक्याशी टेकवून ठेवाव्यात. श्वासाला अडथळा होणार नाही एवढी ती सैल हवी.

गाठी सोडवण्याआधी आंघोळ कधीही घालू नये. भिजून वाळलेली गाठ आणखी आवळते. आंघोळीचे पाणी कोमट, किंबहुना हाताला किंचित गारच लागावे. बर्फासारखे गार पाणी अंगावर ओतण्याची गरज नाही. शॅम्पू कुत्र्यांचाच घ्यावा. माणसाच्या कातडीचा पीएच सुमारे ५.५, म्हणजे आम्लधर्मी असतो, कुत्र्याचा उदासीन पातळीच्या बराच जवळ असतो. शिवाय त्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पुष्कळ पातळ असतो. टी ट्री तेलासारखी सुगंधी तेले ‘नैसर्गिक’ म्हणून पाण्यात घालण्याची प्रथा पडू लागली आहे. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकते, तेव्हा ते टाळावे. वाळवताना टॉवेलने घासू नये, दाबून पाणी टिपावे. ड्रायर वापरायचाच, तर गार हवेवर, आणि जिथे वाळवतो आहोत तिथे आपला दुसरा हात सतत ठेवून. आपल्या हाताला जे सोसत नाही ते त्याच्या कातडीला सोसणार नाही. बंद पिंजऱ्यात कुत्रा ठेवून बाहेरून गरम ड्रायर सोडण्याच्या पद्धतीत कुत्री दगावली आहेत. कोणाकडे काम सोपवत असाल, तर एवढे एक आवर्जून विचारा. अर्धवट वाळवूनही चालत नाही. वरून कोरडे आणि मुळाशी ओलसर राहिलेल्या केसांखाली एका रात्रीत ओला, दुखरा, केस गळलेला डाग उठतो, आणि तो चाटून कुत्रा तळहाताएवढा करतो.

ब्लेड तापण्याविषयी माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी ब्लेड बोटाने चाचपून पाहायची, कोमट लागले की पुढे जायची. एका लहानशा पांढऱ्या कुत्रीचे पोट असेच पूर्ण केले. तेव्हा काही दिसले नाही, पण संध्याकाळी तिच्या जांघेत ब्लेडच्या रुंदीचे दोन लाल पट्टे उठल्याचे मालकांनी कळवले. रोज पाणी, शॅम्पू आणि कात्री हाताळून माझ्या बोटांची कातडी निबर झाली होती. तिला जे कोमट वाटले ते त्या पोटाला चटका देणारे होते. तेव्हापासून मी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहते, तेही दर तीन-चार मिनिटांनी. दोन ब्लेड आलटून पालटून वापरावीत, काढलेले ब्लेड गार फरशीवर ठेवावे आणि तेल घालायला विसरू नये. कोरडे ब्लेड लवकर तापते. पोट आणि जांघ सर्वांत आधी, ब्लेड गार असताना करावी. आपल्या कुत्र्याचे चट्टे जिथे आहेत त्यावरून तेही बहुधा तापलेल्या ब्लेडचेच असावेत.

ब्लेड कातडीला सपाट टेकलेले असावे, टोकाने टोचलेले नसावे, आणि ते केसांच्या दिशेने, वजन न देता सरकवावे. मागच्या मांडीपासून पोटाकडे जी कातडीची पातळ घडी जाते, ती आणि काखेतली घडी दुसऱ्या हाताने ताणून सपाट केल्याशिवाय तिथे क्लिपर नेऊ नये. नर कुत्र्यालाही स्तनाग्रे असतात हे पुष्कळांच्या लक्षातच नसते, आणि लांब केसांत ती दिसत नाहीत; आधी बोटांनी चाचपून त्यांच्या जागा ठरवाव्यात. चेहऱ्याचे केस तो धापा टाकत असताना मुळीच कापू नयेत. जीभ क्षणात आत, क्षणात बाहेर होत असते आणि कात्रीचे पाते तिच्याच वाटेत असते. शिह त्झूचे डोळे उथळ खोबणीत असतात. त्याला मानेच्या मागची कातडी ओढून धरल्यास डोळा खोबणीबाहेर येण्याइतकी गंभीर इजा होऊ शकते. हनुवटीखाली तळहाताचा आधार द्यावा, तेवढे पुरते.

वेळेच्या बाबतीत मी आग्रही आहे. काम पहाटे किंवा सकाळी लवकर करावे, खाऊन लगेच नव्हे, आणि एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त नको. आज गाठी, उद्या पोट आणि पंजे, परवा आंघोळ, त्यानंतर पाठ. दोन-तीन दिवस तो अर्धा कापलेला, विचित्र दिसेल. त्याला स्वतःला त्याचे काही वाटत नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला क्लिपर न चालवता त्याच्या अंगावरून फिरवावा, मग चालू करून लांब धरावा. आपल्या कुत्र्याच्या मनात बसलेली भीती अशीच हळूहळू कमी होईल, आणि भीती हीसुद्धा अंग तापवणारी गोष्ट आहे. शांत राहावा म्हणून घरातल्या गोळ्या देऊ नयेत. गुंगीत शरीराचे तापमान राखण्याची क्षमताच मंदावते, आणि गुंगीत असलेल्या कुत्र्याची अडचण आपल्याला दिसतही नाही.

काम केव्हा थांबवावे हे जिभेवरून कळते. साध्या धापेत जीभ अरुंद असते. ताण वाढला की ती टोकाशी पसरून चमच्यासारखी होते, ओठांचे कोपरे मागे ओढले जातात, लाळ घट्ट आणि चिकट होते. इथेच थांबावे, गार जागी न्यावे, प्यायला पाणी पुढे ठेवावे. हिरड्या गडद लाल किंवा उलट पांढुरक्या पडल्या, तो अडखळू लागला, उलटी झाली किंवा हाकेला प्रतिसाद देईना, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी आधी गार करावे आणि मग न्यावे: हाताशी असेल ते साधे गार पाणी सर्वांगावर, केसांच्या मुळापर्यंत ओतावे, वारा घालावा, आणि तसेच ओले पशुवैद्यांकडे न्यावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नये. थर्मामीटर असल्यास गुदद्वारातले तापमान पाहावे. ४१ अंश आणि त्यापुढे जीवावरचा प्रसंग असतो, आणि गार करताना ते ३९.५ च्या आसपास आले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जाते. तो सावरला असे वाटले तरी तपासणी चुकवू नये, कारण मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचे परिणाम नंतर दिसू शकतात.

एकदा हे पार पडले, की पुढे रोज पाच मिनिटे कंगवा, तीन-चार आठवड्यांनी आंघोळ आणि साधारण सहा आठवड्यांनी छाटणी एवढ्यावर भागते. कंगवा वरवर फिरवू नये; केसांचे थर करून, प्रत्येक थराखाली कातडीची रेघ दिसेल असे विंचरावे. गळपट्टा घरात काढून ठेवावा, कारण त्याच्याखालच्या गाठी सर्वांत शेवटी सापडतात. पंजांच्या गाद्यांमधले केस गाद्यांच्या पातळीला आणावेत, म्हणजे गुळगुळीत फरशीवर पायही घसरत नाहीत.

राहिला चट्ट्यांचा प्रश्न. ताजा असताना गार पाण्याच्या घड्या दहा-पंधरा मिनिटे ठेवणे हा उपाय होता. आता ती वेळ गेली आहे. माणसांसाठीचे कोणतेही मलम लावू नये, कारण लावलेले सर्व काही तो चाटणारच, आणि चाटण्यानेच हे चट्टे लांबतात. गळ्याभोवती मऊ कॉलर घालून चाटणे थांबवावे, जागा कोरडी ठेवावी. इतके दिवस होऊनही ते गेले नसतील, त्यांतून पाणी येत असेल, खपली धरत असेल किंवा हात लावला की तो कळवळत असेल, तर जंतुसंसर्ग झालेला असण्याचा संभव आहे आणि तो पशुवैद्यांना दाखवावा लागेल. कातडी पूर्ववत होईपर्यंत पोटावर क्लिपर नको. तोपर्यंत कानांमागच्या गाठी आणि पंजांचे केस एवढेच हाती घ्या.